आधी सुगरण, मग चार्ट पेपर

तिसरी-चौथीच्या मुलांना डिझाइन थिंकिंग (म्हणजे वापरणाऱ्याची गरज समजून घेणं, कच्चा नमुना करणं आणि त्याचं मत घेऊन तो सुधारणं) झेपणार नाही, असं म्हटलं जातं; ते मला पटत नाही. पावसाळ्यात त्यांना सुगरणीचे खोपे लांबून बघायला न्या. विणतो तो नर. खोपा अर्धवट, टोपीइतका झाला की मादी येऊन तपासते. तिला पसंत पडला तरच तो पुढे खाली उतरणारी नळी विणून पुरा करतो. नापसंत खोपे बऱ्याचदा तसेच अर्धे लोंबकळत राहतात. कच्चा नमुना आणि वापरणारीचं मत म्हणजे काय, हे मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही.

सहृदयता, म्हणजे वापरणाऱ्याच्या जागी जाऊन विचार करणं, मात्र नुसतं बघून येत नाही, त्यासाठी काम द्यावं लागतं. पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं ठेवायला सांगा. मुलं हमखास खोल, गुळगुळीत, रंगीत भांडं आणतात (पालकही!). मग विचारायचं, चिमणी यात उभी कुठे राहील? मधमाशी पडली तर? मांजर कुठून येईल? उथळ थाळी, त्यात खडे, उंच जागा हे त्यांचं त्यांनाच सुचतं.

अहमदाबादच्या शिक्षणतज्ज्ञ किरण बीर सेठींच्या ‘डिझाइन फॉर चेंज’ या शाळकरी मुलांसाठीच्या उपक्रमातही पहिली पायरी ‘फील’ (जाणवणं) आहे, कल्पना त्यानंतर. आपल्या बऱ्याच शाळा थेट थर्माकोलच्या मॉडेलवर उडी मारतात, तेही आईने केलेल्या.