विषय: सरॉरिटीवरचे लेख आणि आपल्या मुली

नमस्कार मंडळी,
परवा आपल्या मेलिंग लिस्टवर आलेला, इथे अमेरिकेतल्या सरॉरिटीवरचा, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या क्लबांवरचा, लेख वाचून झोपच उडाली. लेकीला ऑगस्टमध्ये रश, म्हणजे त्यात शिरण्यासाठीची निवडफेरी, करायचंय, तिचे बाबा म्हणतात अजिबात नाही, दारू, पार्ट्या आणि हेझिंग (नव्या सदस्यांचा छळ) एवढंच असतं तिथे. कुणाला आतलं माहितीये का?
– स्मिता

स्मिताताई,
कॉलेजात असताना मी साउथ एशियन सरॉरिटीत होते म्हणून लिहितेय, मेल लांबणार आहे. त्या एवढ्या मोठ्या लेखात सरॉरिटीतली एकही मुलगी स्वतःच्या नावाने बोललेली नाहीये, सगळं टिकटॉक बघून लिहिलंय. 2021 मध्ये अलाबामा विद्यापीठाचा रश व्हायरल झाला तेव्हापासून हे फारच वाढलंय, कुणी कुठला ड्रेस घातला हीच बातमी, आणि बिड, म्हणजे सरॉरिटीचं आमंत्रण, कुणाला मिळत नाही, का मिळत नाही, फी कशी झेपते हे फार कमी वाचायला मिळतं.

आता त्याच विद्यापीठातलं 2013 चं बघा. द क्रिमझन व्हाइट या तिथल्या विद्यार्थ्यांच्या पेपरने सप्टेंबरमध्ये छापलं की उत्तम मार्कांच्या एका कृष्णवर्णीय मुलीला पारंपरिक गोऱ्या सरॉरिट्यांनी घेतलं नाही. पण सगळ्याच मुली वर्णद्वेषी असं लिहून ते मोकळे झाले नाहीत, आतल्या मुलींशी बोलले, एक तर नावानिशी बोलली, आणि त्यातून बाहेर आलं की मुलींना ती हवी होती, आडव्या आल्या त्या माजी सदस्या. दोष नेमका कुठे आहे ते कळलं म्हणून विद्यापीठाला काही दिवसांत सरॉरिट्यांचे प्रवेश पुन्हा उघडायला लावावे लागले. सरॉरिट्यांना झोंबलंच असणार ते, पण मला ती बातमी न्याय्य वाटते.

उलट 2014 ला रोलिंग स्टोन मासिकाने व्हर्जिनिया विद्यापीठातल्या फ्रॅटर्निटीतल्या, म्हणजे मुलांच्या तशाच क्लबातल्या, सामूहिक बलात्काराची स्टोरी एकाच मुलीच्या सांगण्यावर छापली, तिच्या ज्या मित्रमैत्रिणींचे शब्द छापले त्यांनाही विचारलं नाही. एप्रिल 2015 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या पत्रकारिता स्कूलचा त्या स्टोरीवरचा अहवाल आला आणि स्टोरी मागे घ्यावी लागली. त्याआधी जानेवारीत, वातावरण तापलेलं असताना, तिथल्या सरॉरिटीच्या मुलींना राष्ट्रीय संघटनांनी फर्मान काढलं की फ्रॅटच्या बिड नाइटला, म्हणजे नवी मुलं घेतात त्या रात्रीच्या पार्ट्यांना, जायचं नाही, मुली भडकल्या की बंधनं आमच्यावरच का. आणि ज्यांच्यावर खरंच अत्याचार होतात त्यांच्यावर विश्वास ठेवणं लोकांना अजून अवघड झालं, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

दारूचं म्हणाल तर बहुतेक मोठ्या राष्ट्रीय सरॉरिट्यांच्या घरात दारूला बंदी असते, म्हणून पार्ट्या फ्रॅटच्या घरी होतात, आणि तिथे दार, दारू सगळं मुलांच्या हातात. यावर खरं तर लिहायला हवं. शिवाय या लेखांत सरॉरिटी म्हणजे फक्त गोऱ्या मुली. 1908 ला हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय मुलींनी सुरू केलेली अल्फा कप्पा अल्फा, कमला हॅरिस ज्यात होत्या ती, किंवा 1998 ला ह्यूस्टन विद्यापीठात देशी मुलींनी काढलेली डेल्टा फाय ओमेगा, यांचा पत्ताच नसतो.
– मेधा

मेधा,
पटलं बरंचसं. पण मुली नावानिशी बोलत नाहीत कारण प्रेसशी बोलायचं नाही अशी ताकीदच असते बऱ्याच ठिकाणी. मग पत्रकाराने करायचं काय? आणि हेझिंगमध्ये पोरं मेलीयेत इथे, ते पेपरवाल्यांनी लावून धरलं म्हणून तर कळलं.
– सुधीरकाका

काका,
बरोबर आहे, हेझिंगच्या बातम्या हव्यातच. पण मुलींनी बोलायला नकार दिला तर तसं छापा ना, आम्ही विचारलं, चॅप्टरने, म्हणजे सरॉरिटीच्या तिथल्या शाखेने, बोलू दिलं नाही, ती पण बातमीच आहे. या लेखात विचारल्याचाही उल्लेख नाही.

स्मिताताई, डिसेंबर 2024 च्या नव्या फेडरल कायद्याने कॉलेजांना हेझिंगमध्ये दोषी ठरलेल्या संघटनांची नावं वेबसाइटवर टाकावी लागतात. लेकीच्या कॉलेजचा रिपोर्ट काढा, तिला हवे ते चॅप्टर त्यात आहेत का बघा आणि तिच्या बाबांनाही दाखवा. माझा फोन डिरेक्टरीत आहे, तिलाच करायला सांगा.
– मेधा