कॅल्गरीत (कॅनडा) धणे, मेथी, तुळस बाहेर कधी?

प्रश्न: इथे मेच्या चौथ्या आठवड्यापर्यंत फ्रॉस्ट (गोठलेलं दव) पडतो. तिन्ही एकदमच लावू का?

उत्तर १: एकदम नको. धणे-मेथी हलका फ्रॉस्ट सोसतात, मेच्या पहिल्या पंधरवड्यात थेट वाफ्यात टाका. धणे रगडून दोन फाकी करा, सेंटीमीटरभर खोल पेरा. घरात रोपं करू नका; सोटमूळ दुखावलं की कोथिंबीर लगेच फुलावर येते. जूनच्या लांबलचक दिवसांतही तेच होतं, म्हणून दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं पेरा.

उत्तर २: तुळशीचं गणित वेगळं. १० अंशांखाली फ्रॉस्ट नसतानाही पानं काळी पडतात, आणि इथल्या जूनच्या रात्रीही बऱ्याचदा त्याखाली जातात. त्यामुळे कुंडीच बरी: दिवसा बाहेर, रात्री आत. बी एप्रिलच्या मध्याला घरात मातीवर नुसतं भुरभुरवा, पुरू नका. बाहेर ठेवायची सवय आठवडाभर लावा, पहिल्या दिवशी तासभर सावलीत. नाहीतर पानं उन्हाने पांढरी पडतात.

उत्तर ३: फ्रॉस्टच्या रात्री वाफा झाकायला प्लास्टिक नको, पानाला टेकतं तिथेच पान गोठतं. जुनी चादर घ्या, कडा जमिनीला टेकवा, सकाळी काढा.