मदत हवी आहे: ९६०० बॉडचे (डेटाचा वेग) क्यूबसॅट (छोटे उपग्रह) डिकोडच होत नाहीयेत

नमस्कार मंडळी, आरटीएल-एसडीआर डोंगल (पीसीला जोडायचा यूएसबी रेडिओ रिसीव्हर) आणि हातात धरायचा यागी अँटेना घेऊन गच्चीवरून हॅम म्हणजे हौशी रेडिओचे सॅटेलाइट ऐकतोय. आयएसएसची (अंतराळ स्थानक) १४५.८२५ मेगाहर्ट्झवरची डेटा पॅकेट्स मस्त येतात, डायरवुल्फ हे डिकोडिंगचं सॉफ्टवेअर १२०० बॉड धडाधड डिकोड करतं, तिथे डॉप्लर (उपग्रहाच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सीत पडणारा फरक) जेमतेम साडेतीन किलोहर्ट्झ वर-खाली, त्यामुळे ट्यूनिंगला हात नाही लावला तरी भागतं. पण हे क्यूबसॅट असतात त्या ४३७ मेगाहर्ट्झला हाच फरक दहा किलोहर्ट्झच्या आसपास जातो म्हणून जीप्रेडिक्ट (उपग्रहाचा माग काढणारं सॉफ्टवेअर) जीक्यूआरएक्स या रिसीव्हर सॉफ्टवेअरला जोडून करेक्शन लावलंय, वॉटरफॉलवर (सिग्नलचा सरकता आलेख) सिग्नल चांगला जाड आणि सरळ उभा दिसतो, डोक्यावरून जातानासुद्धा वाकडा होत नाही, तरी ९६०० ची एकही फ्रेम पदरात पडत नाहीये. टीएलई (उपग्रहांच्या कक्षेचे आकडे) ताजे आहेत, पीसीचं घड्याळही बरोबर आहे.

मला संशय ऑडिओचा येतोय. डी-एम्फसिस (ऑडिओतल्या उंच फ्रिक्वेन्सी दाबणारं सेटिंग) पूर्ण बंद करायचं का, आणि फिल्टर किती रुंद ठेवायचा, २० की २५ किलोहर्ट्झ? की डायरवुल्फ सोडून सरळ साउंडमोडेम हे दुसरं डिकोडर सॉफ्टवेअर लावून बघू? ज्यांनी ९६०० चं जीएमएसके (डेटा पाठवायची मॉड्युलेशन पद्धत) स्वतः डिकोड केलंय त्यांनी प्लीज आपलं सेटिंग सांगा, स्क्रीनशॉट टाकलात तर फारच बरं होईल.