मालबोर्क किल्ला एका दिवसात होतो का? लवकर सांगा

घाईत_आहे: पोलंडमधला मालबोर्कचा किल्ला एका दिवसात बघून परत येता येतं का? परवा जायचंय, ट्रेन आज रात्रीच बुक करायचीय. जाऊन आलेल्यांनीच लिहा प्लीज.

गडवेडा: गेलो नाही, पण विचारतो. निघणार कुठून? किती जण? लहान मुलं आहेत का?

शिंपला: ग्दान्स्कहून निघताय असं धरते. मग आरामात होतं, ट्रेनला पाऊण तास. जलद गाडीच्या मोहात पडू नका, पॅसेंजर घ्या आणि मालबोर्क काउदोवो या छोट्या थांब्यावर उतरा. तो नदीच्या अलीकडे आहे. नोगातवरचा लाकडी पूल चालत ओलांडताना समोर अख्खा किल्ला, तांबड्या विटांचा. आम्ही पुलावरच अर्धा तास घालवला. मुख्य स्टेशनवरून गावातून चालत जावं लागतं, तिथून ही मजा नाही.

बव्हेरियाकर: त्यापेक्षा जर्मनीतला नॉयश्वानस्टाइनचा किल्ला करा. म्युनिकहून सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. परीकथेतला वाटतो अगदी.

गडवेडा: @बव्हेरियाकर, त्याचं बांधकाम 1869 ला सुरू झालं हो. मध्ययुगाशी त्याचा संबंध राजाच्या हौसेपुरता.

घाईत_आहे: म्युनिक कुठून आलं मध्येच? आम्ही पोलंडमध्ये आहोत, वॉर्सात.

शिंपला: वॉर्सा! अहो, हे आधी नाही का सांगायचं. मग वर लिहिलेलं सगळं विसरा. जलद गाडीच घ्या, एका बाजूला अडीच तास धरा. ती काउदोवोला थांबत नाही, मुख्य स्टेशनलाच उतरा. किल्ल्याला साडेतीन तास ठेवा. तिकिटातच ऑडिओ गाइड मिळतो, इंग्रजी आहे.

जुनं_ते_सोनं: इतका खटाटोप कशासाठी? 1945 च्या लढाईत निम्मा किल्ला पडला होता. बघणार त्या नव्या विटा. आपले पडके बुरुज परवडले, निदान खोटं तरी बोलत नाहीत.

गडवेडा: तरी 1997 मध्ये युनेस्कोच्या यादीत आला ना? 1882 पासून वास्तुविशारद श्टाइनब्रेश्ट आणि मंडळींनी दुरुस्ती करताना बारीक नोंदी ठेवल्या होत्या. युद्धानंतर त्यांच्याच आधारे पुन्हा उभारला. आपल्याकडे गडावर सिमेंट थापतात, त्यातलं हे नाही.

जुनं_ते_सोनं: नोंदी बघून बांधली म्हणून नवी वीट जुनी होते का?

शिंपला: तुमचं चालू द्या. @घाईत_आहे, वरच्या किल्ल्यातला शौचालयाचा बुरूज चुकवू नका. मुख्य इमारतीपासून लांब, कमानींवरच्या पुलावरून जायचं. तिकडची वाट दाखवायला भिंतीत एक छोटा सैतान कोरलाय. आमची मुलं बाकी सगळं विसरली, तो सैतान लक्षात आहे.

पंचगंगा: अवांतर, पण पोलंडचा विषय निघालाय म्हणून. कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 ते 48 पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसं. आमचे आजोबा तिथे भाजी घालायचे. त्यांना आकडे पोलिशमध्ये मोजता यायचे, शेवटपर्यंत.

गडवेडा: @पंचगंगा, वेगळा धागा काढाच यावर.

घाईत_आहे: वळिवडे नंतर! बरोबर आई आहे, 71 वर्षांची, गुडघ्यांचा त्रास. जमेल का तिला? आणि सोमवारी गर्दी कमी असते ना?

शिंपला: परवा सोमवार!! सोमवारी प्रदर्शनं बंद असतात, मोजकाच मार्ग खुला ठेवतात. आईंना एवढं लांब नेऊन बंद दारं दाखवणार का? मंगळवार करा. जिने पुष्कळ आहेत, उंबरे उंच, अंगणात गोटे. बुरुजावर त्यांना नेऊच नका. मधल्या किल्ल्याचं अंगण आणि तिथली दालनं बघू दे निवांत.

बव्हेरियाकर: नॉयश्वानस्टाइनला वर जायला घोडागाडी आहे. सुचवलं आपलं.

घाईत_आहे: सोमवारची बुक करून बसलोय. दहा मिनिटांपूर्वी.

शिंपला: रद्द करून बघा लगेच, थोडे पैसे कापतील.

घाईत_आहे: झाली रद्द. मंगळवारची मिळाली, सकाळची. आता आई विचारतेय, तिथे शाकाहारी काय मिळेल?

शिंपला: पिएरोगी रुस्किए. आत बटाटा आणि पनीरसारखं चीज. पण वरून कांद्याबरोबर डुकराच्या चरबीचे तुकडे घालतात कधीकधी, म्हणून ऑर्डर देतानाच 'बेझ स्क्फारेक' म्हणा.

पंचगंगा: थालीपीठ न्या सोबत.