मदत हवी आहे: राजगडाच्या कंटूरवरून थ्रीडी मॉडेल (गड येत नाही, उदबत्ती येते)

ढेकळ्या
नमस्कार मंडळी. घाई आहे म्हणून थेट विचारतो. राजगडाच्या कंटूरची (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांची) फाईल आहे. उघडली की सगळ्या रेषा एका जागी गोळा होऊन एक उभी काडी दिसते. झूम केलं तरी काडीच. सरफेस (पृष्ठभाग) बनवायला गेलो तर दहा मिनिटं चक्र फिरतं आणि प्रोग्रॅम बंद पडतो. वसुबारसेला आठ दिवस राहिलेत. सोसायटीचा किल्ला यंदा माझ्या गळ्यात आहे आणि मी मीटिंगमध्ये "हुबेहूब राजगड करतो" असं बोलून बसलोय. काय चुकतंय?

सर्वे_काका
कुठला प्रोग्रॅम? फाईल डीएक्सएफ, डीडब्ल्यूजी की शेप? कंटूर कुठून आणल्या, अंतर किती मीटरचं? प्रिंट करायचंय की कापायचंय? डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हणालास.

निळा_कागद
शंभर टक्के झेड, म्हणजे उंचीचा आकडा, शून्य आहे. ऑफिसात रोज हेच बघतो. सर्वेवाले ऑटोकॅडमध्ये कंटूर सपाट काढतात आणि उंची बाजूला टेक्स्टमध्ये लिहितात. एकेक पॉलीलाईन निवड, प्रॉपर्टीजमध्ये एलिव्हेशनचा रकाना आहे, त्यात आकडा भर. स्प्लाईन असेल तर तो रकाना दिसणार नाही, आधी पॉलीलाईन कर. मी एकदा चारशे रेषा अशा हाताने उचलल्यात, दोन रात्री गेल्या. शॉर्टकट नाही.

तिरकस_ताई
झेड शून्य असतं तर चपाती दिसली असती, काडी कशी दिसेल?

निळा_कागद
ताई, अनुभवाने सांगतोय.

गेरूचुना
मुळात हे कशाला? आमच्या लहानपणी विटा, गोणपाट आणि माती एवढ्यावर प्रतापगड उभा राहायचा. वर अळीव पेरायचे, दिवाळीपर्यंत हिरवंगार. गुहेत वाघ, सिंहासनावर महाराज, उतरणीवर मावळे. प्लास्टिकचा किल्ला करून मुलांच्या हाताला काय लागणार?

ढेकळ्या
काका, सॉरी, घाईत राहिलं. स्केचअप प्रो, मामाच्या ऑफिसात आहे, संध्याकाळी सातनंतर मिळतं. फाईल डीएक्सएफ. मित्राच्या भावाने क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्रॅममध्ये एसआरटीएमच्या उंचीच्या माहितीवरून काढून दिली, अंतर २० मीटर. "थ्रीडी व्हेक्टर"वर टिक केली होती म्हणाला. झेड तपासला, ६६० पासून १३४० पर्यंत बरोबर आहे. थ्रीडी प्रिंट करायचंय, भाचीच्या कॉलेजात प्रिंटर आहे, बेड, म्हणजे छापायची जागा, २२० बाय २२० मिलिमीटर.

निळा_कागद
झेड आहे हे आधी सांगायचं ना.

सर्वे_काका
आता एकच काम कर. तीच फाईल क्यूजीआयएसमध्ये उघड, नकाशाच्या कोपऱ्यावर कर्सर ने आणि खाली एक्स-वायचे आकडे काय दिसतात ते जसेच्या तसे इथे लिही.

आभाळातून
ड्रोनने का करत नाही? फोटोग्रॅमेट्री (फोटोंवरून मोजणी) केली की थेट मेश (त्रिकोणांच्या जाळीचं मॉडेल) मिळतो, कंटूरची भानगडच नाही. माझ्याकडे दोन ड्रोन आहेत. आठशे फोटोंमध्ये एक टेकडी मस्त येते.

तिरकस_ताई
राजगड संरक्षित स्मारक आहे, २०२५ पासून जागतिक वारसा यादीतही आहे. परवानगी येईपर्यंत पुढची दिवाळी येईल. आणि विचारलंय काय, तुम्ही सांगताय काय.

ढेकळ्या
काका, एक्स ७३.६८२१, वाय १८.२४६३.

सर्वे_काका
सापडलं. हे अंश आहेत रे बाबा. रेखांश आणि अक्षांश. तुझा पाच किलोमीटरचा प्रदेश अंशात मोजला तर जेमतेम ०.०५ भरतो. उंची मात्र मीटरमध्ये, पावणेसातशेचा फरक. स्केचअपला अंश कळत नाहीत, त्याच्या लेखी सगळे आकडे एकाच मापाचे. म्हणून त्याने पाच सेंटिमीटर रुंद आणि पावणेसातशे मीटर उंच गड उभा केला. उदबत्तीच ती.
लेयर यूटीएम झोन ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत ने, तिचा कोड ईपीएसजी ३२६४३. मग पुन्हा डीएक्सएफ काढ.

खडूफळा
जरा अवांतर. मराठी धागा आहे तर "समोच्च रेषा" म्हणू या की. शाळेच्या भूगोलात होता हा शब्द.

ढेकळ्या
केलं काका. लेयरवर राइट क्लिक, सेट सीआरएस (नकाशाची मापपद्धत), ३२६४३. काडी तशीच आहे. आणि आता क्यूजीआयएसमध्ये राजगड मालदीवच्या बाजूला समुद्रात कुठेतरी जाऊन पडलाय 😭

तिरकस_ताई
😂😂 स्वारी थेट समुद्रापार!

सर्वे_काका
सेट सीआरएस नव्हे, री-प्रोजेक्ट. सेटने फक्त चिठ्ठी बदलते. हळदीच्या डब्यावर तिखट लिहिलं म्हणून आतली हळद तिखट होत नाही. आधी चिठ्ठी परत ४३२६, म्हणजे अंशांची, कर, मग प्रोसेसिंगमध्ये "री-प्रोजेक्ट लेयर" चालव. एक्स तीन लाख साठ हजारांच्या आसपास आणि वाय वीस लाखांवर आला की समज जमलं. स्केचअपमध्ये घेताना एकक मीटर ठेव आणि सगळं उचलून मूळबिंदूपाशी आण. इतक्या लांब ठेवलंस तर रेषा थरथरतात, पृष्ठभाग फाटतो.

कोकणातला_जीआयएसवाला
मला एक कळत नाही. एसआरटीएम म्हणजे मुळात उंचीचा रास्टर, प्रत्येक चौकटीत एक उंची. फेब्रुवारी २००० मध्ये नासाच्या शटलने अकरा दिवसांत रडारने मोजलेला. त्यातून कंटूर काढल्या, आता कंटूरमधून परत पृष्ठभाग. गव्हाचं पीठ केलं आणि आता पिठाचे गहू करायला निघालात. मधली माहिती गेली ना! डीईएम, म्हणजे तोच उंचीचा रास्टर, थेट यूटीएममध्ये वॉर्प (री-प्रोजेक्ट) करा, क्यूजीआयएसचं डीईएम-टू-थ्रीडी प्लगइन टाका, प्रमाण द्या, तळाची उंची द्या, प्रिंटरला लागणारी एसटीएल फाईल तयार. तळ आणि बाजू तोच बंद करतो. स्केचअपचा सरफेस म्हणजे नुसता कागद, जाडी नाही, प्रिंटर घेणार नाही.

निळा_कागद
एसटीएल म्हणजे मेश. त्याला कॅड मॉडेल म्हणत नाहीत. उद्या दरवाजा, बुरूज बसवायचे तर सॉलिड, म्हणजे भरीव मॉडेल, लागेल. सिव्हिल थ्रीडी या प्रोग्रॅममध्ये टिन (त्रिकोणांचा) सरफेस करा, त्यातून सॉलिड काढता येतं.

कोकणातला_जीआयएसवाला
सोसायटीच्या किल्ल्याला सिव्हिल थ्रीडी?

निळा_कागद
पद्धत बरोबर असावी, एवढंच.

ढेकळ्या
आला!!! काका, पाय कुठे आहेत तुमचे. पद्मावती माची ओळखू येते, संजीवनी लांब शेपटासारखी आलीय. पण बालेकिल्ला सुरीने कापल्यासारखा सपाट आहे. आणि सुवेळा माचीवरचं नेढं (कातळातलं आरपार भोक) दिसतच नाही. त्याशिवाय सोसायटी मानणार नाही, अर्ध्या लोकांनी तिथे फोटो काढलेत.

सर्वे_काका
बालेकिल्ल्याचं सोपं आहे. शेवटची कंटूर १३४०. तिच्या आत दुसरा बिंदूच नाही, म्हणून त्रिकोण तिच्याच तीन टोकांत जुळतात आणि पठार होतं. गडाची उंची सगळीकडे १३७६ मीटर लिहिलेली असते. माथ्यावर तेवढ्या उंचीचे दोन-चार बिंदू हाताने टाक, सरफेस परत कर. चिंचोळ्या सोंडांवरही असेच सपाट त्रिकोण सापडतील, तिथे धारेवरून एक रेघ ओढ. ३० मीटरच्या पिक्सेलमध्ये कडे घासून गुळगुळीत होतात, तो दोष तुझा नाही.

कोकणातला_जीआयएसवाला
नेढं कंटूरमधून कधीच येणार नाही, डीईएममधूनही नाही. दोन्हींत एका एक्स-वायला एकच झेड असतो. भोकात खालची जमीन, वरची कमान आणि त्यावरचा माथा, म्हणजे एकाच जागी तीन उंच्या. नकाशाला ते सांगताच येत नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याची आत गेलेली वाटी अशीच हरवते, सरळ भिंत होते. फोटो बघून एक आडवा दंडगोल कर आणि कातळातून वजा कर.

निळा_कागद
बघा, वजा करायला सॉलिडच लागलं ना.

तिरकस_ताई
एक भोळा प्रश्न. २२० च्या बेडवर पाच किलोमीटर बसवायचे म्हणजे १:२५०००, २० सेंटिमीटरचा चौकोन. मग गड उंच किती?

ढेकळ्या
...२८ मिलिमीटर. उंची दीडपट फुगवली तर ४२.

तिरकस_ताई
पणती त्याहून मोठी असते रे. मावळे कुठे उभे करणार, नेढ्यात?

गेरूचुना
मी काय म्हणत होते.

ढेकळ्या
हे डोक्यातच आलं नाही 🤦 प्रिंटरचा नंबरपण लावून बसलो. आता?

तिरकस_ताई
माझा व्यवसाय आर्किटेक्टच्या ऑफिसात मॉडेलं करण्याचा, म्हणून सांगते. कंटूर टाकून देऊ नकोस. चार फूट रुंद किल्ला म्हणजे साधारण १:४०००. त्या प्रमाणात २० मीटर बरोबर ५ मिलिमीटर होतात आणि ५ मिलिमीटरचा सनबोर्ड कुठल्याही स्टेशनरीत मिळतो. एक कंटूर, एक थर. ६६० पासून माथ्यापर्यंत पस्तीसेक थर, उंची साडेसतरा सेंटिमीटर. प्रत्येक कंटूर खऱ्या मापात प्लॉट करून घे, खालच्या थरावर वरच्या थराची रेघ पेन्सिलीने मार, नाहीतर दहाव्या थराला गड सरकलेला असेल. आतून पोकळ काप, फक्त चिकटवायला दोन इंचांची कड ठेव. वरच्या थराचा तुकडा खालच्याच्या पोटातून निघतो, बोर्ड निम्मा लागतो. कटरची पाती मात्र भरपूर आण, बोथट पात्याने सनबोर्डचा फोम फाटतो.

गेरूचुना
आणि वरून माती लिंपा! पायऱ्या बुजतील. माती चाळून, थोडं शेण घालून, नाहीतर वाळली की तडे जातात. नेढं बोटाने पाडा.

कोकणातला_जीआयएसवाला
हे मान्य. इथे कंटूरच हव्यात, रास्टर उपयोगाचा नाही. पीठ कामाला आलं.

आभाळातून
किल्ला झाला की ड्रोनने व्हिडिओ काढून देतो. फुकट.

ढेकळ्या
काल रात्री १०४० पर्यंत आलो, वीस थर. मुलं पेन्सिलीने नंबर घालतायत. ८६० आणि ८८० ची अदलाबदल झाली होती, गुंजवणे बाजूला एक गच्ची तयार झाली, उकलून परत चिकटवली. स्केचअपचं मॉडेल मोबाईलवर उघडून शेजारी ठेवलंय, कुठला थर कुणीकडे फिरवायचा ते त्यावरून कळतं. भाची म्हणते नंबर लागलाच आहे तर बालेकिल्ल्याचा दरवाजा तरी प्रिंट करू. गेरूचुना ताई, अळीव आज पेरले तर येतील का?

गेरूचुना
अळीव उद्या पेरा, आज माती ओली असेल. आधी भिजवून घ्या, बुळबुळीत झाले की हाताने सारवल्यासारखे लावायचे. उतारावरून घसरत नाहीत.

शेतकरी_माणूस
धागा वर काढतोय. माझ्या शेताच्या लेव्हल एक्सेलमध्ये आहेत, शेततळ्यासाठी थ्रीडी करून किती ब्रास माती निघेल ते काढायचंय. कोणी करून देईल का?

सर्वे_काका
नवा धागा काढा. आणि त्यात आधी लिहा, एक्स-वायचे आकडे कसे दिसतात.

शेतकरी_माणूस
एक्स-वाय नाहीत. नुसत्या लेव्हल आहेत.