दोन महिने उभ्या राहिलेल्या ट्रकचा सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही

बंदरकाठ (रत्नागिरी) :

जाणकारांना नमस्कार. माझा एक सहाचाकी ट्रक असून मिरकरवाडा बंदरातली मासळी बर्फात भरून आंबा घाटमार्गे कोल्हापूरला पोहोचवण्याचे काम तो करतो. गाडी बीएस ३ या जुन्या प्रदूषण मानकाच्या काळातील आहे, म्हणजे तिला कॉमन रेल (सर्व सिलिंडरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणारी रचना) नाही, साधा मेकॅनिकल डिझेल पंप आहे, आणि दोन बॅटऱ्यांवर चालणारी २४ व्होल्टची वायरिंग आहे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात ती घरामागे चिऱ्याच्या गडग्याला लागून, तोंड चढाकडे करून, ताडपत्रीखाली उभी होती. मे महिन्याच्या शेवटच्या फेरीत तिची कोणतीही तक्रार नव्हती. टाकीत तेव्हा जेमतेम पाव टाकी डिझेल शिल्लक होते.

आता सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) जोमाने फिरतो, परंतु इंजिन पकडत नाही आणि सायलेन्सरमधून धूरही निघत नाही. पहिल्या दिवशी बॅटऱ्या उतरवून चार्ज करून आणल्या. दुसऱ्या दिवशी दोन्ही डिझेल फिल्टर बदलले आणि हातपंप मारून डिझेलच्या पाइपातली हवा काढली, तेव्हा इंजिन चालू झाले, मिनिटभर अडखळत चालले आणि दम लागल्यासारखे होऊन बंद पडले. पुन्हा हवा काढली की पुन्हा तेच होते. रात्रभर गाडी उभी राहिल्यावर सकाळी फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू ढिला केला, तर डिझेलऐवजी नुसता फेस येतो. गाडीखाली डिझेलचा एक थेंबही पडलेला नाही, त्यामुळे पाइप कुठे गळत असेल असे वाटत नाही.

मेकॅनिकच्या मते पंप उतरवून दुरुस्तीला पाठवावा लागेल. पंपाचे काम स्वस्तात होत नाही, शिवाय हंगामाचे पहिले आठवडे गाडी दारात उभी ठेवणे मला परवडणारे नाही. पंप खोलण्यापूर्वी आणखी काय तपासता येईल, याचे मार्गदर्शन करावे.

जुना फिटर (चिपळूण) :

पंप आताच उतरवू नका. तुमच्या लिहिण्यातच उत्तराचा बराचसा भाग आलेला आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती प्रचंड तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलने डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटते. म्हणून इंजिन चालू होण्यास तीन गोष्टी लागतात : पुरेशा वेगाने फिरणारा सेल्फ, सिलिंडरमध्ये धरून राहणारा दाब आणि वेळेवर पोहोचणारे डिझेल. सेल्फ जोमाने फिरतो असे तुम्ही म्हणता, आणि हवा काढल्यावर इंजिन मिनिटभर का होईना चालते, याचा अर्थ पहिल्या दोन गोष्टी ठीक आहेत. पंपही डिझेल मिळते तोवर ते नोझलपर्यंत ढकलतो आहे. सेल्फ मारताना धूर न दिसणे म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल पोहोचतच नसणे. पांढरा धूर भरपूर येत असता आणि तरीही इंजिन पकडत नसते, तर मी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) आणि नोझलकडे वळलो असतो.

एक गोष्ट मात्र आधी हाताने पाहून घ्या. इंजिन बंद करण्याची केबल खाऱ्या हवेत दोन महिने पडून राहिली की आतल्या आत गंजते, आणि केबिनमधला नॉब आत गेला तरी पंपावरची दांडी ‘बंद’ याच जागी अडकून राहते. बोटाने दांडी ढकलून ती पूर्ण परत येते की नाही, हे पाहण्यास अर्धा मिनिट पुरतो. तुमच्या गाडीत तो दोष असण्याची शक्यता कमी आहे, परंतु किनाऱ्यावरच्या गाड्यांत मी तो अनेकदा पाहिला आहे, आणि एकदा तर पंप उतरवून झाल्यावर पाहिला आहे.

आता मुख्य मुद्दा. ‘थेंबही गळत नाही, म्हणून पाइप चांगला’ हा निष्कर्ष टाकी आणि फीड पंप (मुख्य पंपाला डिझेल पुरवणारा छोटा पंप) यांच्या मधल्या भागाला लागू होत नाही. फीड पंप टाकीतून डिझेल ओढत असतो. त्या बाजूला छिद्र असेल तर डिझेल बाहेर येण्याऐवजी बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि गाडी बंद असताना त्याच छिद्रातून हवा शिरून पाइपातले डिझेल टाकीत परत उतरते. तुमच्या गाडीचे तोंड चढाकडे आणि टाकीत पाव टाकी डिझेल, त्यामुळे ते उतरणे अधिकच सोपे झाले. टाकी काठोकाठ असती तर कदाचित हा दोष आणखी काही महिने लपून राहिला असता. फिल्टरपासून पंपापर्यंतच्या भागात मात्र दाब असतो, तिथला दोष ओलावा किंवा थेंब दाखवून स्वतःच बोलतो.

याची परीक्षा सोपी आहे. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये ताजे डिझेल घ्या आणि ती फीड पंपापेक्षा थोड्या उंचीवर घट्ट बांधा. टाकीकडून फीड पंपाला येणारा पाइप सोडवून त्याजागी डिझेल सहन करणारा पारदर्शक पाइप लावा व त्याचे दुसरे टोक कॅनच्या तळाशी सोडा. त्यानंतर हातपंप मारून फिल्टरच्या स्क्रूपाशी बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा. तेवढ्याने इंजिन पकडले नाही, तर दोन नोझलांचे पाइप नट नोझलच्या बाजूला एकेक आटा ढिले करून सेल्फ मारा, आणि तिथून डिझेल ठिबकू लागल्यावर नट आवळा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक मारू नका आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा, नाहीतर पंपाआधी सेल्फच दुरुस्तीला न्यावा लागेल. कॅनवर गाडी वीस मिनिटे एकसारखी चालली, तर पंप निर्दोष आहे आणि दोष टाकी व फीड पंप यांच्या दरम्यान आहे, असे समजा.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या गाड्या कॉमन रेलच्या आहेत, त्यांनी नोझलचे नट ढिले करण्याचा प्रयोग कदापि करू नये. त्या पाइपांत हजार बारपेक्षा अधिक दाब असू शकतो आणि डिझेलची बारीक धार कातडी भेदून हातात शिरते.

कलमवाला (देवगड) :

वरील उत्तराशी सहमत आहे. त्यात पाण्याचा मुद्दा जोडावासा वाटतो. आमची गाडी आंब्याचा हंगाम संपला की जूनपासून जवळजवळ उभीच असते. टाकी अर्धी रिकामी ठेवली तर वरच्या पोकळीतली दमट हवा रात्री गार होऊन पत्र्याला घाम येतो, तो थेंबाथेंबाने खाली उतरतो, आणि पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी साचून राहते. त्या पाण्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर जंतू वाढून काळपट, चिकट गाळ तयार होतो. दोन वर्षांपूर्वी मी तो गाळ फिल्टरमध्ये पाहिला, तेव्हा आधी कोणीतरी टाकीत चिखल टाकला असावा असा संशय घेऊन शेजाऱ्यांशी विनाकारण वाईटपणा घेतला होता.

टाकीच्या तळाचा नट पहाटे, गाडी न हलवता, थोडा ढिला करून लिटरभर डिझेल पारदर्शक बाटलीत काढा आणि पंधरा मिनिटे स्थिर ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसेल. डिझेलमधले पाणी वेगळे करणाऱ्या वॉटर सेपरेटरची वाटीही त्याच वेळी रिकामी करा. नवे फिल्टर लावण्यापूर्वी हे केले नसेल, तर फिल्टरचे पैसे पुन्हा जातील.

घाटवाट :

इतका खटाटोप कशाला करायचा? एअर फिल्टर उघडून तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरायचा आणि सेल्फ मारायचा, गाडी लगेच पकडते. नाही जमले तर दुसऱ्या ट्रकला दोर लावून ओढून घ्यायची. आम्ही वर्षानुवर्षे असेच करतो.

जुना फिटर (चिपळूण) :

घाटवाट यांना विनंती आहे की हा उपाय त्यांनी दुसऱ्यांना सुचवू नये. पेट्रोलची वाफ पिस्टन वर पोहोचण्याआधीच पेटते, त्या उलट्या धक्क्याने रिंगा तुटतात, कधी पिस्टनच फुटतो, आणि हवा तापवणारा हीटर असलेल्या गाडीत तर इनटेकमध्येच, म्हणजे हवा आत येण्याच्या मार्गातच, भडका उडतो. बोळा धरणाऱ्याचे तोंड त्या वेळी तिथेच असते. दोराने ओढून इंजिन फिरवणे हा बॅटरी किंवा सेल्फ गेल्यावरचा उपाय आहे. येथे सेल्फ फिरतोच आहे. डिझेल पोहोचत नसेल तर मुंबई–गोवा महामार्गावर हातखंब्यापर्यंत ओढत नेले तरी गाडी पकडणार नाही.

बंदरकाठ (रत्नागिरी) :

सर्वांचे आभार. काल दिवसभर यातच गेला, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

स्टॉपची दांडी मोकळी होती. टाकीच्या तळातून काढलेल्या बाटलीत बोटभर पाणी निघाले, त्याखाली तांबूस गाळाची एक रेघही होती. सेपरेटरची वाटी तर मी कित्येक महिन्यांत उघडलीच नव्हती, हे मान्य करावे लागेल. वाटी आणि टाकी स्वच्छ करूनही सकाळी फिल्टरपाशी फेस कायम होता.

मग कॅन केबिनच्या पायरीला सुतळीने बांधून पारदर्शक पाइप लावला. हवा काढल्यावर तिसऱ्या सेल्फला इंजिनाने पकडले आणि चांगला अर्धा तास ते एका सुरात चालले. त्यानंतर तोच पारदर्शक पाइपचा तुकडा टाकीकडून येणाऱ्या पाइपला मध्ये जोडून पाहिला, तेव्हा सोड्याच्या बाटलीसारखे बारीक बुडबुडे ओळीने पुढे सरकताना स्पष्ट दिसले. दोष टाकीच्या बाजूला आहे हे पक्के झाले, परंतु नेमका कुठे, ते दिसत नव्हते. शेवटी पाइप दोन्ही टोकांनी सोडवून एक टोक बंद केले, दुसऱ्या टोकाला मुलाच्या सायकलचा पंप लावून हलका दाब दिला आणि साबणाचे पाणी ब्रशने पाइपभर फिरवले. चासीवर पाइप जिथे पत्र्याच्या क्लॅम्पने धरला आहे, त्यांपैकी मागून दुसऱ्या क्लॅम्पखालून साबणाचा फुगा वर आला. क्लॅम्प काढून त्याखालचा भाग नखाने खरवडला, तर गंजाचा पापुद्रा निघाला आणि सुईच्या टोकाएवढे छिद्र दिसले. बाकी पाइप वरून रंगासह शाबूत आहे. बंदरात बर्फाचे खारट पाणी फाळक्यातून बरोबर तिथेच ओघळते.

सध्या तेवढा भाग कापून डिझेलचा रबरी होज दोन होज क्लिपांनी बसवला आहे. आज पहाटे, रात्रभर चढावर उभी राहूनही, गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. एकूण खर्च फिल्टर सोडल्यास हजाराच्या आत आला. मेकॅनिकला छिद्र दाखवले, तेव्हा त्यांनी पंपाचा विषय पुन्हा काढला नाही.

एक शंका उरते. पूर्ण पाइप बदलताना तो तांब्याचा घ्यावा का? तो गंजणार नाही, असे दुकानदार सांगतात.

जुना फिटर (चिपळूण) :

छान शोध लावलात. साबणाच्या पाण्याची युक्ती मी सुचवायला हवी होती.

तांब्याचा पाइप घेऊ नका. तांबे गंजत नाही हे खरे, परंतु त्याच्या संपर्कात डिझेल लवकर खराब होऊन चिकट होते, आणि चासीच्या सततच्या कंपनाने तांबे कडक होऊन चिरते. डिझेलसाठीच बनवलेला नायलॉनचा पाइप किंवा वरून लेप दिलेला पोलादी पाइप घ्या. प्रत्येक क्लॅम्पखाली रबराची पट्टी ठेवा आणि पट्टीखाली पाणी अडकणार नाही अशी तिची फट खालच्या बाजूला येऊ द्या. रबरी होजच्या क्लिपा पहिल्या कोल्हापूर फेरीनंतर पुन्हा एकदा आवळा, कारण नवे रबर थोडे दबते. हातपंपाचा दट्ट्या पूर्ण खाली दाबून आट्यांवर आवळलेला आहे, हेही पाहा, कारण तो सैल राहिला तर त्याच्या वॉशरमधूनही हवा शिरते.

कलमवाला (देवगड) :

आणि पुढच्या ३१ मेला टाकी भरून ठेवा. माझी या वर्षी भरलेली होती, वाटीत चमचाभरसुद्धा पाणी निघाले नाही.