मदत हवी आहे: मिलमधलं काम एकमेकांकडून शिकण्यासाठी कोणतं ॲप बरं?

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीतल्या डाळ मिलमध्ये नवीन पोरांना काम शिकवायची जबाबदारी माझ्याकडे आहे. आमचे आप्पा रोलरच्या नुसत्या आवाजावरून डाळीत तुकडा वाढतोय हे ओळखतात, आणि ते लवकरच निवृत्त होतील. त्यांचे व्हिडिओ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, पण वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली सगळं गाडलं जातं. टेलिग्रामवर विषयवार भाग पाडावेत, की यूट्यूबवर अनलिस्टेड ठेवून मशीनजवळ क्यूआर कोड चिकटवावा? लिंक बाहेर गेली तर कोणीही बघेल, म्हणून मालक कचरतात. खरी अडचण मात्र वेगळीच आहे. सुपरवायझर वाचतील म्हणून पोरं ग्रुपवर प्रश्नच विचारत नाहीत. तुमच्या कारखान्यात त्यांना बोलतं कसं केलं, कृपया सांगा.